जमनाबाईच्या बोटीची वायरिंग

आमच्या दुकानात दोन गोष्टी फेकवत नाहीत, जुनी वायर आणि जुना किस्सा. दोन्ही कोपऱ्यात पडून राहतात, आणि एक ओढायला गेलं की मागून दहा येतात. दिग्रसला जिनिंगच्या रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मी आणि सलीमभाई, दोघंच. ट्रॅक्टर, जीप, जुने ट्रक, येईल त्याची वायरिंग करतो. पण आता कोणी चहाला बसलं की एकाच गिऱ्हाइकाचे किस्से मागतात. जमनाबाईचे आणि तिच्या बोटीचे.

*

हो, बोट! यवतमाळ जिल्ह्यात! हसा, सगळेच हसतात.

धरणाच्या बॅकवॉटरपलीकडे जमनाबाईचा तांडा आहे. पाण्यावरून बाजार समोर दिसतो, रस्त्यानं जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा. म्हणून तांड्यानं कधीकाळी लिलावातली जुनी मोटारबोट आणली. नवऱ्याचे गुडघे गेले तशी ती जमनाबाई चालवायला लागली. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, अडलेली बाळंतीण, सगळं तिच्याच बोटीतून.

एकदा मधल्या पाण्यात वायरिंगमधून धूर निघाला. धरण खात्याचे साहेब आले आणि काठावर बोर्ड ठोकून गेले: 'तपासणीत पास होईपर्यंत या बोटीत प्रवासी बसवण्यास सक्त मनाई.' वर तोंडी ऐकवलं, "नापास झाली तर सरळ भंगारात!"

जमनाबाई वळसा घालून आमच्या दुकानात हजर. "भिया, ट्रॅक्टर करता ना तुमी? मंग हे बी करा."

म्हटलं, "बाई, आम्ही बोटीले कधी हात नाई लावला."

"म्या तरी कुठी लावला होता? नवरा बसला, तवा लावला!"

पाने-पक्कड पिशवीत टाकली आणि निघालो.

*

बोटीचं पॅनल उघडलं, तर आत उंदरांनी कापसाची गादी घातलेली. चांगली मऊ, सरकी काढून! वायरी तर काय विचारता. एक घरातली, एक रेडिओची, एक कुठल्याशा लग्नाच्या लायटिंगची. जोडांना दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं.

सलीमभाईनं कपाळावर हात मारला. "भाऊ, हे आतापरेंत जळून काहून नाई गेली?"

जमनाबाई काठावरून म्हणाली, "जळून जाईन कुठी? चारी बाजूनं पाणीच आहे!"

आम्ही जुनी वायर एकूण एक उपटून काढली. जमनाबाईनं तिचा ढीग बोर्डाच्या पायथ्याशी नेऊन ओतला. साहेबाला दिसावा म्हणून.

*

ओलीत टिकणारी कल्हईची वायर आणि तळातलं पाणी फेकणारा बारका पंप आणायला आम्ही यवतमाळला गेलतो. जमनाबाई हट्टानं सोबत आली. दुकानदार मोठा विनोदी निघाला.

"बोटीचं सामान? अन् दिग्रसले? समुद्र कुठी आहे बाई तिकडे?"

जमनाबाईनं पदर खोचला. "समुद्र नाई म्हून माणूस बुडत नाई काय?"

दुकानदारानं मुकाट ऑर्डरची वही उघडली. सामान मागवून घेतो, म्हणाला. आणि घेतलं!

*

आता आमची फजिती. लपवून उपयोग नाही, सगळ्या दिग्रसला माहीत आहे.

ट्रॅक्टरला दिव्याकडे एकच वायर न्यावी लागते. परतीचा करंट लोखंडी बॉडीतून येतो. आमचं आयुष्य त्यात गेलं. सलीमभाईनं सवयीनं बोटीतही प्रत्येक दिव्याला एकच वायर नेली आणि दिव्याचं दुसरं टोक बॉडीला स्क्रूनं आवळलं. बटण दाबलं. अंधार! फ्यूज पाहिला, बल्ब बदलला, बॅटरी बदलली. अंधारच.

"अर्थिंग बरोबर भेटून नाई राह्यली," असं म्हणून सलीमभाई पॉलिश पेपर घेऊन बॉडी घासायला बसला. रंग खरवडला, त्याखालचंही खरवडलं. पांढरी भुकटी उडायला लागली तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

"सलीमभाई, थांब! बोट फायबरची आहे! तिले लोखंडच नाई!"

त्याचा हात तसाच थांबला. मग दुसऱ्या हातानं त्यानं मान खाजवली. मग पाठ. फायबरची भुकटी अंगाला लागली की काय होतं, ते त्याला पुढचे कितीतरी दिवस समजत होतं.

बाजारात ही बातमी फुटली. लोक दुकानापुढून मुद्दाम खाजवत जायला लागले. मला संताप आला! त्याच दिवशी ठरवलं, ही बोट पास करूनच दाखवायची, मग दुकान बंद राहिलं तरी चालेल. सगळं पुन्हा उपसलं. प्रत्येक दिव्याला दोन-दोन वायरी, इंजिनाची बॅटरी वेगळी, पंप आणि दिव्यांची वेगळी.

*

बटणांखाली मी हौसेनं नावं चिकटवली. लाइट, पंप, हॉर्न. जमनाबाईला अक्षरं येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर माझी कागदं गायब आणि तिच्या जुन्या कांचळीवरचे, चोळीवरचे, आरसे चिकटवलेले. एक आरसा लाइट, दोन पंप, तीन हॉर्न.

"बाई, साहेब काय म्हनन?"

"साहेबाले चालवाची आहे का मले?"

*

या बोटीचा एक रिवाज होता. बोट झिरपायची, म्हणून चढणाऱ्यानं आधी डबाभर पाणी उपसून बाहेर टाकायचं आणि मग बसायचं. तांड्याचा नायक असो की नवरदेव, सूट कुणालाच नाही. डबा तेलाचा, कान तुटलेला.

पंप बसला, पाणी फेकायला लागला, तसा सलीमभाई म्हणाला, "आता तो डबा फेका."

जमनाबाईनं डबा उचलून मांडीवर घेतला. "पंप बॅटरीवर चालते, डबा मानसावर. पास होईपर्यंत डबा राहीन."

*

तपासणीचा दिवस. सगळा तांडा काठावर. साहेब धरणाकडून पाण्यावरूनच निघाले, खात्याच्या नव्या कोऱ्या बोटीत. झेंडा, काच, सगळं चकाचक. आणि मधल्या पाण्यात बोट बंद पडली.

मागाहून कळलं, तळाचं बूच नीट बसलं नव्हतं. पाणी फेकून फेकून पंपानं बॅटरी संपवली, आणि इंजिन त्याच बॅटरीवर. साहेब आणि ड्रायव्हर दोघं हात हलवायला लागले. उन्हाळा लागलेला, वर छप्पर नाही.

मी आणि सलीमभाई धावत जाऊन जमनाबाईच्या बोटीत चढलो. तिनं आम्हाला ढकललं.

"उतरा! पास नाई अजून!"

एकटीच गेली. साहेबाच्या बोटीपासून थोडी अलीकडे थांबली. पाण्यावरून सगळं ऐकू येत होतं.

"बाई, लवकर! घोट्यापर्यंत पाणी आलं! मला तुमच्या बोटीत घ्या!"

"कशी घेऊ साहेब? तुमचाच बोर्ड आहे. मानूस बसवाले मनाई!"

मग तिनं साहेबाच्या बोटीला सावकाश एक फेरी मारली. एक आरसा दाबला, भर उन्हात दिवे लागले. दोन आरसे दाबले, पंपानं पाण्याची पिचकारी मारली. तीन आरसे, आणि ट्रकचा हॉर्न असा वाजला की काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

"पाह्यलं साहेब?"

"पाहिलं, पाहिलं!"

"आता दोर पकडा. बसवाले मनाई आहे, ओढाले नाई."

दोर बांधला. मग तिनं तो कान तुटका डबा साहेबाकडे फेकला. "उपसा!"

साहेब काठापर्यंत पाणी उपसत आले. तांडा बघत होता, कुणी हसलं नाही. उतरल्यावर त्यांनी ओले बूट बाजूला ठेवले, जमनाबाईच्या बोटीच्या नाकावर कागद टेकवला आणि पासची सही केली. मग डबा तिच्यापुढे धरला.

जमनाबाई म्हणाली, "राहू द्या तुमच्यापाशी, साहेब. आमच्या बोटीत पंप आहे."