तामणीची सुतळी

आमच्या लालबागच्या चाळीसमोर एक तामण होती. थंडीत ती उघडीबोडकी व्हायची, वैशाखात जांभळ्या फुलांनी भरायची आणि पावसात इतकी दाट व्हायची की तळमजल्यावरचे मालवणी काका गिरणीची पाळी सुटल्यावर छत्री न उघडता तिच्याखाली विडी ओढत बसायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचा फळा तिच्यावर ठोकायला आम्ही गेलो, तेव्हा प्रत्येक मोर्चात पुढे असणारे हेच काका आडवे आले.

"खिळो नको. सुतळी हाड."

आम्ही सुतळी आणली, फळा त्यांनीच बांधला. पुढे दर पावसाळा संपला की ते सुतळीखाली बोट घालून बघायचे. बोट अडकलं तर गाठ सैल करायचे. "पोराच्या कमरेचो करगोटो सैल करतत ना, तसा," म्हणायचे.

महाराष्ट्र मिळाला तेव्हा तामण फुललेलीच होती. फळा उतरवला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बघतो तर सुतळी तिथेच, आणि काका तिच्यात बोट घालून उभे.

"काका, फळा गेला. आता सुतळी कशाला?"

एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोर मोठा झाला म्हणान करगोटो काय काढतत?"