उतारावरची चावी

मुरूममध्ये महालिंगप्पाला लोक शिलाई मशीनचा डॉक्टर म्हणत. हत्यारांची पिशवी बांधून जुन्या मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचं, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. थेंबभर पेट्रोलवर गाव गाठणारा माणूस म्हणूनही त्याचं नाव होतं. पायमशीनवर पाय एका लयीत चालला की दोरा तुटत नाही. गाडीच्या रेसचंही तसंच. मनगट हलतंय की नाही, कळायचं नाही. लांबवर म्हशी दिसल्या की तिथूनच रेस सोडायचा. गाडी आपसूक सावकाश व्हायची, आणि तो पोचेपर्यंत म्हशी रस्ता ओलांडून गेलेल्या असायच्या.

पण खरा जीव उतारावर. उतार लागला की गिअर काढून, चावी फिरवून इंजिन बंद. इकडं बरेच जण करतात तसं, पण त्याला त्यात पेट्रोलपेक्षा वेगळंच काही मिळायचं. आवाज मावळायचा आणि करडईच्या पिवळ्या शेतांमधून गाडी नुसती तरंगत जायची. आपण जागे आहोत की झोपेत, याचं भान राहत नसे.

दोन वर्षांपूर्वी बायकोला मागं बसवून असंच तरंगत लोहाऱ्याकडं जाताना उताराच्या तळाशी कडब्याची बैलगाडी आडवी आली. नुसत्या ब्रेकवर गाडी आवरेना. दोघं नवराबायको कडब्यात जाऊन पडले. खरचटलंही नाही. पण केसांतल्या काड्या काढत मथुराबाई उठली ती थेट एसटीच्या वाटेला लागली. "तुमाला टाकी लाडकी, मला माजी हाडं," एवढंच बोलली.

तेव्हापासून माहेरी माकणीला जाताना रस्ता एक आणि वाहनं दोन. तो फाट्यावर उभा राहून तिच्या एसटीची वाट बघायचा. पाठीवरचा तिचा हात त्याला रोज आठवायचा, पण बोलणार कसं?

शेवटी गॅरेजवाल्या बसवेशनं विषय काढला. "आप्पा, इंजिन बंद केलं की गाडीला मागं ओढणारं कुणी राहत न्हाय. गिअरमधीच ठिवा, नुसती रेस सोडा."

"पेट्रोल जातंय की रं."

"चमचाभर जाईल. मावशी दोन वर्षं एसटीनं गेल्यात, त्येचं काय?"

महालिंगप्पा मग महिनाभर एकट्यानंच उतार उतरला, गाडी गिअरमध्ये, इंजिन चालू. पहिले काही दिवस हात आपोआप चावीकडं जायचा.

माकणीला भाच्याच्या मुलीचं बारसं निघालं तेव्हा त्यानं धीर केला. "मथुरा, आज गाडीवर चल. बंद न्हाय करत आता."

"सवय लई वाईट तुमची." तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. कुलूप इतकं झिजलेलं की चालू गाडीतूनही चावी निघायची, हे तिला ठाऊक होतं. "सुरू करा."

त्यानं केली. तिनं चावी उपसली, पदराच्या टोकाला गाठीत बांधली आणि मागं बसली. "आता करा बंद, कशी करता बघू."

थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं. ज्वारीच्या कणसांवर धुकं अजून लोंबत होतं. तोच उतार आला. त्यानं रेस सोडली. इंजिन घुमत राहिलं, म्हाताऱ्या माणसाच्या गुणगुणण्यासारखं, आणि गाडी सांभाळून खाली आली. तिच्या बोटांनी आधी खांदा घट्ट धरला होता. तळाशी ती सैल झाली. पुढं पाठीवर तिचं कपाळ टेकलं. बारशाचे लाडू वळायला ती पहाटेच उठली होती. महालिंगप्पानं वेग आणखी कमी केला. दूर धरणाचं पाणी चमकत होतं. रस्ता संपूच नये असं वाटत होतं, तरी माकणी आलीच.

मेव्हण्याच्या दारात त्यानं दोन्ही पाय जमिनीला टेकवले. मेव्हणा उत्तरेश्वर बाहेर आला.

"दाजी, गाडी बंद करा की. किती वेळ पेट्रोल जाळताय?"

महालिंगप्पानं ओठांवर बोट ठेवलं. "जळू दे. तुमची बहीण झोपलीय."