सदतीस नंबरची बाई

अनोळखी माणसांची काळजी करण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही. ओळखीच्या माणसांचं त्यांना विशेष काही वाटत नाही. मामींचा चष्मा तीन महिने फुटका होता, त्यांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या मुलीला ते अजून माझ्या मेव्हणीच्या मुलीच्या नावाने हाक मारतात. पण एकदा नांदुरा स्टेशनावर लाल स्वेटरवाला कोणी एक जण पाण्याची बाटली भरायला गाडीतून उतरला, गाडी हलली, आणि तो परत चढताना मामांना दिसला नाही, तर त्या एका माणसापायी त्यांनी मला दोनदा स्टेशनात चौकशीला पिटाळलं. तिथल्या बाबूने विचारलं, "तुमचा कोण लागतो तो?" मी म्हटलं, "कोणी नाही, मामेसासऱ्यांना दिसला होता." त्या दिवसापासून तो बाबू मला नमस्कार करायचा टाळतो. मामा मात्र आठवडाभर जेवताना मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "थंडी वाढली. चढला असन ना तो?"

मामांचा औषधाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे गावाबाहेर दोन खोल्या आणि एक पत्र्याचं शेड. तीस वर्षं त्यात दुसऱ्यांच्या नावाची मलमं बनली. एकदा मामांच्या मनात आलं की मलम घेणाऱ्या म्हातारीच्या बोटांत जोर राहत नसेल, तिला झाकण उघडायचं कसं? झालं, त्या खेपेची सगळी झाकणं त्यांनी सैल लावून घेतली. माल अकोल्याला पोचेपर्यंत खोकी तुपात तळल्यासारखी झाली. व्यापारी तणतणत आला. मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि विचारलं, "पण कोण्या म्हातारीची तक्रार आली का?" व्यापारी तसाच उठून गेला, आणि पुन्हा आला नाही.

शेडच्या मागच्या खोलीत सालईच्या डिंकाची पोती असतात. जळगाव जामोदच्या पलीकडून, सातपुड्याच्या अंगाने, एक डिंकवाले चाचा ती घेऊन येतात. त्या खोलीत गेलं की देवळातल्या धुपासारखा वास येतो आणि पाच मिनिटांत डोळे जड होतात. मी तिथे बसून दहावीचे पेपर तपासायचा प्रयत्न एकदा केला. त्या वर्षी मुलांना मार्क बरे पडले. मामा दुपारभर तिथेच बाजेवर पडून असतात. झोपलेले नसतात, जागेही नसतात. त्या अर्धवट अवस्थेतच त्यांना गुडघ्याची गोळी सुचली. सालईचा डिंक, निर्गुडी आणि आणखी एक गोष्ट, जी त्यांनी मलाच काय, मामींनाही सांगितलेली नाही. तीस वर्षांत स्वतःच्या नावाने केलेली ही पहिली वस्तू. मामींना वाटलं, आता दुकानात जाईल. पण नवं औषध असं दुकानात जात नाही. आधी ते रीतसर माणसांवर तपासावं लागतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कोणाला कुठली हे कोणालाच ठाऊक नाही. त्याला दवाखाने लागतात, डॉक्टर लागतात, समित्या लागतात, आणि कागद तर इतके लागतात की मामांच्या दोन खोल्यांत मावले नसते. म्हणून हे काम करून देणाऱ्या मोठ्या शहरातल्या एका कंपनीला ते सोपवायचं ठरलं.

तिथून माझे हाल सुरू झाले. मला इंग्रजी शिकवता येतं. इंग्रजी येतं, असं नाही. पण सासुरवाडीत हा फरक कोणी मानत नाही. साठ पानांचा करार मी अकरा रविवार मामांना वाचून दाखवला. ते बाजेवर डोळे मिटून ऐकायचे आणि प्रत्येक कलमाचं आपल्या भाषेत रूपांतर करायचे. कामावरची माणसं कंपनी केव्हाही बदलू शकेल, असं एक कलम होतं. मामा म्हणाले, "म्हणजे ज्याले पाहून पोरगी देल्ली, तो पोरगाच बदलू शकते?" उशीर झाला तर कंपनी जबाबदार नाही, असं दुसरं होतं. आणि काही चुकलं तर सरकारपुढे जबाब कंपनीने नाही, औषधवाल्यानेच द्यायचा, असं एक होतं. ते ऐकून मामा उठून बसले. "पोरगी नांदन त्यांच्या घरी, अन् बदनाम झाली तर मान खाली बापाची."

मामी दारातून म्हणाल्या, "मंग देता कायले?"

"देल्याबिगर लग्न होत नाही," मामा म्हणाले, आणि त्यांनी सही केली. स्टेशनाजवळचा प्लॉट त्याच महिन्यात या खर्चात गेला. मामांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांना वाईट वाटत होतं ते बिनऔषधाची गोळी मिळणाऱ्यांचं. ती गोळी त्यांनी स्वतःच्या हाताने केली, खऱ्या गोळीइतकीच कडू, तशीच पिवळट, आणि खोकी बांधताना मला म्हणाले, "हे पाप हाय, जवाई. माणूस आशेनं घेईन."

कंपनीने मामांना रोग्यांची नावं सांगायची नाहीत असा नियमच आहे. फक्त आकडे येतात. पहिल्या महिन्याचा तक्ता आला. एकशे वीस आकडे, पुढे वय, स्त्री की पुरुष, आणि दुखणं दहापैकी किती. दुसऱ्या कोणी तो फायलीला लावला असता. मामांनी तो खोलीच्या भिंतीवर चिकटवला आणि त्याच्यासमोर बाज ओढली. आठ दिवसांत त्या एकशे वीस आकड्यांना घरंदारं झाली. नव्वद नंबरचा म्हणे एसटीचा रिटायर्ड कंडक्टर होता, जन्मभर उभा राहिलेला. चौदा नंबरचा हट्टी होता, गोळी चुकवायचा. आणि सदतीस नंबर: स्त्री, वय अठ्ठावन्न, दुखणं सात. ही बाई मामांच्या जिवाला लागली. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, सून नोकरीला जाते, नातवाला शाळेतून आणायचं काम हिच्याकडे, आणि नातू पुढे पळतो. हे सगळं कुठे लिहिलं होतं म्हणाल, तर कुठेच नाही. पण मामा ते इतक्या सावकाश, इतक्या बारकाईने सांगायचे की त्या धुपाच्या वासात मलाही ती बाई कठड्याला धरून उभी दिसायची. हळूहळू मीही शाळेतून जाता-जाता विचारायला लागलो, "मामा, सदतीस नंबर काय म्हणतात?" आणि मामा घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगायचे, "सातवरून सहा झालं. पण मी म्हणतो, सणाची दगदग नको करू."

कंपनीत आमच्या कामावर आधी एक गोड बोलणारी मुलगी होती, ती नोकरी सोडून गेली. मग एक मुलगा आला, तोही गेला. तिसऱ्याने फोनवर मला विचारलं, "ते त्वचेचं मलम ना?" मोठमोठ्या औषधवाल्यांच्या पंगतीत आम्ही शेवटच्या पानावर बसलेले, भात आमच्यापर्यंत पोचेतो गार व्हायचा. सहा महिन्यांचं काम दीड वर्ष लांबलं. मामा म्हणायचे, "जाऊ द्या. त्या एकशे वीस जणाईले तर गोळी भेटून राह्यली ना?"

शेवटी सगळे कागद आले, आणि काय आले! गोळीने उत्तम गुण दिला होता. सदतीस नंबर सातवरून दोनवर. मुंबईचा एक मोठा औषधवाला गोळी विकत घ्यायला तयार झाला. हे कागद सरकारकडे गेले की तो सही करणार होता. मामींनी पुरण घातलं. मी मुलांना सुट्टी नसताना सुट्टी घेतली. मामा मात्र कागद घेऊन मागच्या खोलीत गेले ते दोन दिवस जेवणापुरतेच बाहेर आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"जवाई, तुमच्या वर्गात पट किती?"

"पंचेचाळीस."

"सहा महिन्यांत पंचेचाळीसच्या पंचेचाळीस पोट्टे किती दिवस आले?"

"एक दिवस नाही," मी म्हटलं. "इन्स्पेक्शनच्या दिवशीसुद्धा नाही."

मामांनी कागद माझ्यापुढे सरकवले. "एकशे वीस माणसं. सात-सात खेपा दवाखान्यात यायचं. सगळे, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेले. कोणी लग्नाले गेलं नाही, कोणाची लेक बाळंतीण झाली नाही. दीड वर्षात एकाचाही सासरा मेला नाही?"

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी एका तारखेवर बोट ठेवलं आणि मामींना हाक मारून पंचांग आणायला सांगितलं. ती तारीख महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाची निघाली. तक्त्यात बायका बहात्तर, आणि बहात्तरच्या बहात्तर त्या दिवशी सकाळी दहाला दवाखान्यात हजर. मामींनी तो कागद चष्म्याजवळ नेऊन पाहिला. घरात सोळा भाज्या चिरायच्या, पुरण शिजायचं, सवाष्णी जेवायला यायच्या, आणि ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसत नाहीत त्यांना शेजारच्यांचं बोलावणं. मामी म्हणाल्या, "बहात्तर बाया महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी दहाले? अशा बाया नसतात."

त्या सहज बोलल्या होत्या. मामांचा चेहरा मात्र उतरला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाडीत बसलो. कागदावर ज्या दवाखान्याचा पत्ता होता, तो खरोखर होता. गुडघ्याच्या तपासणीची खोलीही होती, तिला कुलूप होतं. चौकीदाराने बरीच विनवणी केल्यावर ते काढलं. आत भिंतीला लागून आमची खोकी होती, एकावर एक, मामांनी बांधलेल्या सुतळीसकट. एकाचीही गाठ सुटलेली नव्हती. खऱ्या गोळ्या आणि खोट्या गोळ्या दोन्ही तशाच. मामांनी एका खोक्यावरची धूळ तळहाताने पुसली आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं प्लॉट आठवला असेल, मुंबईवाला आठवला असेल. मी म्हटलं, "मामा, यांच्यावर केस करू." ते म्हणाले, "म्हणजे सदतीस नंबर नव्हतीच." आणि ते रडायला लागले. मी माझ्या मामेसासऱ्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, दयाही आली, आणि लाज वाटते सांगायला, पण ती बाई गेल्याचं थोडं दुःख मलाही झालं.

मुंबईवाल्याला हे कळलं तेव्हा तो फोनवर फार समजुतीने बोलला. कागद चांगले आहेत, गोळी निर्धोक आहे, सरकारात कोण महालक्ष्म्यांची तिथी काढून बसतंय? कंपनीचं म्हणणं तर त्याहून सोपं होतं: निकाल तुमच्या बाजूने आहे, तक्रार कशाची? आणि तक्रार असेलच तर ती आमच्या शहरातल्या कोर्टात करा, करारात लिहिलं आहे. लिहिलं होतंच, मीच वाचून दाखवलं होतं. मामांनी कागद पुढे पाठवले असते तर कारखाना तरला असता, आणि नाही पाठवले तर तीस वर्षांचं सगळं बुडणार होतं. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, जरा मोठ्या आवाजातच सांगितलं. मामी मध्ये पडल्या नाहीत. मामा म्हणाले, "जवाई, उद्या कोणी खरी बाई हे गोळी घेईन. तिले काय सांगू, तुह्या आधी कोणी घेतली म्हणून?" नंतर त्यांनी माझ्याकडून सरकारी कचेरीला एक पत्र लिहून घेतलं, जे घडलं ते सगळं. मुंबईवाला हातचा गेला. भिंतीवरचा तक्ता मामांनी स्वतः काढला. त्या दिवशी मामींनी कोणी न सांगता, घरातलं माणूस गेल्यावर टाकतात तशी, नुसती खिचडी टाकली.

माणसाने इथे थांबावं की नाही? मामांनी गोळ्या भरायचं मशीन विकलं आणि एका मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरीण बाईंना गाठलं. या वेळी फक्त चाळीस माणसं. नाव कळायचं नाही ते नाहीच. पण दर महिन्याला मामा गाडी पकडून जातात आणि खोकी उघडली की नाही, तेवढं पाहून येतात. निकालाला अजून वर्ष-दीड वर्ष आहे. मामा त्र्याहत्तरचे आहेत. गोळी लागू पडते की नाही, हे आजही कोणाला ठाऊक नाही, आणि मलाही हल्ली विचारायचा धीर होत नाही.

गेल्या आठवड्यात पहिला तक्ता आला. मी वाचत गेलो आणि माझा आवाज खाली-खाली जात राहिला. चाळीसपैकी नऊ जण आलेच नाहीत. एक जण लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. एकाने गोळ्या भावाला देऊन टाकल्या होत्या. एक दुसरबीडला साडूच्या तेराव्याला अडकला होता. शेवटच्या ओळीत बावीस नंबर, स्त्री, वय एकसष्ट: डॉक्टरीण बाईंनी तिचेच शब्द उतरवले होते, 'काही फरक नाही, उगाच हेलपाटे.' मी कागद खाली ठेवला. मामा बाजेवर डोळे मिटून पडले होते, आणि त्यांच्या तोंडावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "मामा, तिला बिनऔषधाची गोळी गेली असेल."

"गेली असन," मामा म्हणाले. "गोळीच खोटी निघन कदाचित. पण बाई हाय."