डालड्याचा डबा

डॉक्टर चौबळांच्या फोटोला हार घालायला कुंडलिकशेठ पुढे झाले, तेव्हा रमाबाईंना हसावं की रडावं कळेना. अहो, पंच्याऐंशी साली याच माणसाने पोरं आणून डॉक्टरांच्या कल्याणच्या दवाखान्याची पाटी शेणाने माखलेली! ‘आयाबहिणींना नको ते विचारतो’ म्हणे. आता शहाण्णव साल. डॉक्टर गेल्यावर परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने त्यांना स्त्रीपुरुष संबंधांच्या शास्त्रीय अभ्यासातले आद्य संशोधक म्हटलं, पेपरात चार ओळी छापून आल्या, आणि शेठना लगेच डॉक्टरांचा पुळका आला. निवडणूक तोंडावर आलेली, दुसरं काय!

रमाबाई कोळसेवाडीच्या, डॉक्टरांकडे अठरा वर्षं नर्स. डॉक्टरांनी या अभ्यासासाठी प्रश्न छापून घेतले तेव्हा बायकांनी धडाधड दारं लावून घेतली होती. आठवडाभर एक उत्तर नाही. छापील कागद घेऊन बाप्या माणूस दारात उभा राहिल्यावर कोण बोलणार, कपाळ! शेवटी रमाबाईच निघाल्या. दुपारी बाई तांदूळ निवडायला बसली की शेजारी बसायचं, आपणही निवडायला लागायचं. माना खाली, नजर सुपात, आणि गप्पांच्या ओघात हळूच प्रश्न, एका फेरीत एकच. तोंडाने बोलायचंच नाही. हो असेल तर वाल, नाही असेल तर चवळी, डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची. बाहेर आल्यावर रमाबाई डब्यात बघून कागदावर नुसती खूण करायच्या. नाव नाही, पत्ता नाही. “माझ्या लेकीची शपथ, कुणाचं काही बाहेर जाणार नाही,” असं त्यांनी सहाशे बारा घरांत सांगितलेलं.

आणि आज व्यासपीठावरचे प्राध्यापक म्हणत होते, “डॉक्टरांनी शोधून काढलेली ही वाल-चवळी पद्धत...” डॉक्टरांनी! त्या भल्या माणसाला जन्मात वाल आणि पावटा वेगळा ओळखता आला नसता. तोच डबा मखमलीवर मांडलेला, शेजारी वाटीत वाल, वाटीत चवळी. आणि रमाबाई कुठे? दाराशी. “सिस्टर, तुम्ही घरच्याच. जरा चहाचं बघा हं,” असं एक कार्यकर्ता सांगून गेला होता. रमाबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एवढ्यात शेठनी माईक हातात घेतला. “आमच्या सिस्टर आहेत इथे. काय हो, कसले प्रश्न विचारायचा? एखादा होऊन जाऊ दे!”

रमाबाई जागेवरूनच म्हणाल्या, “एक होता. तुला काय हवंय, हे नवऱ्याने तुला कधी विचारलं का?”

सभागृह खुसखुसलं.

“मग? वाल किती?”

“सहाशे बारांत तीन.”

“बघा!” शेठनी मांडीवर थाप मारली. “त्यातला एक आमच्या घरचा असणार! सांगा की सिस्टर, लाजता काय?”

पहिल्या रांगेत शेठची बायको, बायजावैनी, बसली होती. तिने वळून रमाबाईंकडे बघितलं. रमाबाईंना ती दुपार लख्ख आठवली. बायजावैनी दोन्ही मुठी मिटून किती वेळ बसली होती, आणि मग डब्यात काय पडलं होतं. जिभेवर आलेलं. एक शब्द, की या माणसाची भर सभेत शोभा. अकरा वर्षांचा राग होता हो तो, डॉक्टरांच्या पाटीवरच्या शेणाचा, दाराशी उभं राहण्याचा.

“नावं सांगायची नाहीत,” रमाबाई म्हणाल्या. “शब्द दिलाय.”

“अरे, लाजल्या! म्हणजे आमचाच वाल!” शेठ खो खो हसले. लोक हसले. प्राध्यापकसुद्धा हसले, निर्लज्ज.

रमाबाईंचे डोळे भरून आले. शब्द पाळून आपण या मेल्यालाच जिंकवलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात बायजावैनी उठली. पदर सावरला, सावकाश टेबलापाशी गेली. नवरा माईक डब्यापाशी धरत म्हणाला, “हां, टाक टाक, दाखव सगळ्यांना!”

तिने दुसऱ्या वाटीत हात घातला. डब्यात चवळी पडल्याचा आवाज माईकमधून मागच्या रांगेपर्यंत गेला.