तांबं कुठं अडतं

देवासला टेकडीच्या पायथ्याशी खंडागळ्यांचं घर आहे, आणि त्या घरातली पुढची खोली म्हणजे अल्पनाचं पार्लर. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, दारावर हिंदीत लिहिलेली पाटी. आसपासच्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या भुवया तिनेच कोरलेल्या. दोऱ्याचं एक टोक दातांत धरून ती काम सुरू करायची, आणि तिचा हात इतका हलका की बायका खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायच्या.

धीरज तिचा धाकटा भाऊ. एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. दिवाळीच्या सुमारास त्याच्या हातातली चहाची बशी वाजायला लागली. "थंडी भरलीय का रे?" त्यांची आई, माई, विचारायची. तो हसून कप खाली ठेवायचा. मग सही वाकडी यायला लागली, मग बोलताना शब्द तोंडात घोळायला लागले. कारखान्यात लोकांनी आपापला अर्थ काढला. "क्यों भिया, सकाळी सकाळीच घेतली?" म्हणून पाठीवर थापा मारायचे. एकदा गेटवर दारू तपासायच्या मशीनमध्ये त्याला सगळ्यांदेखत फुंकायला लावलं. त्यात काही निघालं नाही, तरी घरी जा म्हणून सांगितलं.

बापू म्हणजे त्यांचे वडील, शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेले. उभा जन्म सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेला माणूस. त्यांनी धीरजची बॅग उलटी केली, गादी उचलून पाहिली, आणि काहीच सापडलं नाही तेव्हा त्याच रागात पोराच्या थोबाडीत मारली. धीरजने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शब्द धड येईनात. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ तेवढी गळली. अल्पना दारात उभी होती. हे दारूचं नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. पण मग कशाचं, ते कळेना.

देवासच्या डॉक्टरांनी आधी टेन्शनच्या गोळ्या दिल्या, मग झोपेच्या. धीरज दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. शेवटी इंदूरला डॉ. शालिग्रामांकडे नेलं. म्हातारा माणूस, मराठी बोलणारा. त्यांनी धीरजला खिडकीशी उभं केलं, पापणी वर ओढली आणि बराच वेळ डोळ्यात बघत राहिले. मग अल्पनाला म्हणाले, "ये इकडे. बुबुळाच्या कडेनं बघ. काय दिसतं?"

बारीक, तपकिरी-हिरवट कडं होतं. रोज लोकांच्या डोळ्यांपाशी काम करणारी अल्पना, आणि सख्ख्या भावाच्या डोळ्यातलं हे तिला दिसलं नव्हतं.

"तांबं आहे ते," डॉक्टर म्हणाले. "आपल्या खाण्यातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं. जास्तीचं असेल ते यकृत बाहेर टाकतं. याचं यकृत टाकत नाही. ते साठत गेलं, मग मेंदूत उतरलं, डोळ्यात उतरलं. विल्सन म्हणतात या आजाराला."

बापूंचा चेहरा पांढरा पडला. "मी... मीच रोज पहाटे पोरांना तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजलं, साहेब. लहानपणापासून."

"पाण्यानं नाही झालं. आता ते बंद करा, पण त्यानं झालं नाही. हा आजार जन्माचा असतो. एका जनुकाच्या, आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच होतो. तुमचं दोघांचं नातं आहे का काही आधीचं?"

माईने खाली मान घातली. ती बापूंच्या मामाची मुलगी. माळव्यात मराठ्यांची घरं ती किती. दोन-तीन पिढ्या त्याच घरांत मुलींचं देणं-घेणं चालत आलेलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "बहिणीचीही तपासणी करून घ्या. सख्ख्या भावंडांत चारात एक शक्यता असते."

 परतीच्या बसमध्ये माईने अल्पनाची ओढणी मुठीत धरून ठेवली होती.

अल्पनाने तपासणी लांबवली. धीरजचं आटपू दे, म्हणाली. आणि धीरजचं आटपेना. औषध सुरू झालं आणि तो सुधारायच्या ऐवजी खालावला. साठलेलं तांबं सुटून रक्तात येतं तेव्हा सुरुवातीला असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. घास गिळताना त्याला ठसका लागायचा आणि सगळं घर ताटावरून उठायचं. मान एका बाजूला वळून तशीच राहायची. बापू त्याला हाताने भरवायचे.  थोबाडीत मारल्याचा विषय त्यांनी परत कधी काढला नाही, पण त्या गालावरून ते सारखा रुमाल फिरवायचे, लाळ नसली तरी.

आणि इकडे अल्पना स्वतःवर पहारा ठेवायला लागली. शटर खाली ओढून आरशासमोर मोबाइलचा टॉर्च डोळ्यात मारायची, आसू येईपर्यंत. फोनमध्ये स्वतःचा आवाज भरायची, तेच तेच वाक्य, आणि कालच्याशी लावून बघायची. कुठं अडखळले का? हा "र" जड आला का? एकदा थ्रेडिंग करताना दोरा तुटला. दोरे तुटतातच. तिने खुर्चीतल्या बाईला सांगितलं, "दीदी, आज राहू दे, मला बरं नाही," आणि मागच्या खोलीत जाऊन दोन्ही हात पुढे ताणून उभी राहिली. बोटं थरथरत होती. आजाराने की भीतीने, ते तिला कोण सांगणार?

त्यात तिचं लग्न ठरलेलं. धारचा विहंग, मांडूला टुरिस्टांच्या गाड्या चालवायचा, स्वतःच्या दोन गाड्या होत्या. साखरपुडा झालेला, वैशाखातली तारीख धरलेली. माई म्हणत होती, इतक्यात त्यांना काही कळवू नकोस. पण फोनवर विहंग बोलत असला की अल्पनाचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नसायचं, आपण नीट बोलतोय ना याच्याकडे असायचं. असं किती चालणार? शेवटी ती एकटी इंदूरला गेली आणि रक्त देऊन आली. चोवीस तासांची लघवी डब्यात जमवून दिली. डोळे भिंगाखाली दाखवले. भावाबहिणीचं दोघांचं रक्त जनुकाच्या तपासणीला गेलं.

उत्तर आलं, ते ना धड हो होतं ना धड नाही.

"डोळे स्वच्छ आहेत," डॉ. शालिग्राम म्हणाले. "लघवीतलं तांबं काठावर. रक्ताचंही तसंच. जनुकात धीरजच्या दोन्ही प्रतींत एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं आहे, आणि तुझ्याही दोन्ही प्रतींत अगदी तेच."

"म्हणजे मला आहे."

"थांब. हा बदल आजवर कुणी नोंदवलेला मला सापडला नाही. प्रत्येक बदलानं बिघाड होतोच असं नसतं. धीरजचं मूळ कारण आणखी कुठं लपलेलं असेल, जे या तपासणीत दिसलं नाही आणि जे तुझ्याकडे नसेलही. आजार असेल तर आजच गोळ्या सुरू केल्या की तुला धीरजसारखं बहुतेक कधीच काही होणार नाही. नसेल आणि जन्मभर गोळ्या खाल्ल्यास, तर तांबं कमी पडून दुसरंच दुखणं मागे लागेल. यकृताचा तुकडा काढून बघता येतं. पण त्याआधी भोपाळला एका संस्थेत या जनुकावर काम चालतं, त्यांना विचारतो. तोवर दर महिन्याला येऊन दाखवत जा."

त्याच आठवड्यात तिने विहंगला सांगितलं. तो तिला मांडू दाखवायला नेत होता. वाटेत नालछ्याला चहाला गाडी थांबवली तेव्हा ती उतरलीच नाही. बसल्या जागी, समोरच्या काचेकडे बघत, सगळं बोलून टाकलं. विहंग ऐकत राहिला. स्टिअरिंगवर त्याचं एक बोट तेवढं हलत होतं.

"मुलांना होईल?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडेही तोच बिघाड असला तर होऊ शकतं. आणि तुमची आई आमच्याच सोयऱ्यांतली आहे."

"मला विचार करू दे, अल्पना."

त्याने गाडी वळवली. मांडू राहिलंच. पुढे बरेच दिवस त्याचा फोन नाही. एकदा त्याच्या आईचा, सुमंगलाबाईंचा आला. माईशी त्या इकडचं तिकडचं बोलल्या आणि वैशाख जरा घाईचा होतोय म्हणाल्या. माईने फोन ठेवला आणि सांगितलं, "स्थळ गेलं म्हणून समज."

भोपाळहून बोलावणं आलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. तोवरचे दिवस अल्पनाने कसे काढले ते तिलाच माहीत. नवरीची कामं तिने घेणं सोडलं होतं.

संस्थेत अंकिता नावाची मुलगी भेटली, पीएच.डी. करणारी. देवासजवळच्या टोंकखुर्दची निघाली, त्यामुळे बोलणं लगेच आपल्या हिंदी-माळवी-मराठीच्या खिचडीत सुरू झालं. "दीदी, मी तुम्हाला दाखवूनच देते," ती म्हणाली. "या जनुकावरून यकृताच्या पेशीत एक प्रथिन तयार होतं. पेशीत तांबं वाढलं की ते आपल्या जागेवरून निघतं, कडेला जातं आणि तांबं पित्तात ढकलून देतं. आम्ही काय केलं, ते प्रथिन पेशीत चमकेल असं बनवलं. एका बशीत चांगलं, एका बशीत तुमच्या बदललेल्या अक्षराचं. मग दोन्हींना तांबं दिलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच आलं."

तिने पडद्यावर पहिलं चित्र लावलं. काळ्यावर हिरवे ठिपके, पेशीच्या कडेकडेने पसरलेले, जिवंत वाटावे असे. मग दुसरं. इथे हिरवं सगळं मधोमध, केंद्राभोवती दाटून राहिलेलं. कडा पार काळ्या.

अल्पना बघत राहिली. "हे निघालंच नाही," ती म्हणाली.

"तयार होतं, पण त्याची घडी नीट बसत नाही. मग पेशी त्याला पुढे सोडत नाही, तिथंच अडवते आणि मोडून टाकते." अंकिताचा आवाज खाली आला. "एकट्या माझ्या प्रयोगावर डॉक्टर निर्णय घेणार नाहीत. ते सगळं जोडून बघतील. पण मला वाटतं, दीदी, हेच आहे."

अल्पना रडली नाही. इतके महिने ज्याला ती आरशात शोधत होती ते समोर होतं, हिरवं, आणि त्याला जागा होती. तिने एवढंच विचारलं, "याला बाहेर काढता नाही का येत?"

"आम्ही तेच करतोय. काही छोटे रेणू आहेत, ते दिले की अडकलेल्यातलं थोडं सुटतं. बशीतल्या पेशींत. औषध व्हायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, होईल की नाही तेही नाही. खोटं नाही बोलणार तुमच्याशी."

डॉ. शालिग्रामांनी सगळं एकत्र मांडलं. मधल्या महिन्यांत लघवीतलं तांबंही चढत गेलेलं होतं. यकृताचा तुकडा काढायची गरज उरली नाही. त्यांनी जस्ताच्या गोळ्या सुरू केल्या. जस्त आतड्यातच तांब्याला धरून ठेवतं, पुढे जाऊ देत नाही. रिकाम्या पोटी, रोज, जन्मभर. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा बापू उठून तिच्यापाशी आले आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन बसले. धीरज पलंगावरून म्हणाला, "ताई... तुला... वेळेत... कळलं." एवढं वाक्य जोडायला त्याला किती जोर लागला ते त्याच्या मानेवर दिसत होतं. तेव्हा मात्र ती रडली.

राखीच्या आदल्या दिवशी दारात विहंग उभा. न कळवता आला होता. म्हणाला, "मी रक्त तपासून घेतलं इंदूरला. रिपोर्ट यायला वेळ लागला, म्हणून फोन नाही केला. माझ्यात तो बिघाड सापडला नाही."

"आणि असता तर?"

विहंगने रिपोर्टाचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

अल्पनाला ते उत्तर आवडलं नाही, आणि तरी खरं वाटलं. तिने त्याला आत घेतलं. सुमंगलाबाईंना वळवायला त्याला दिवाळीपर्यंतचा वेळ लागला. त्या अजूनही सुनेच्या ताटात काय पडतंय ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात. लग्न मार्गशीर्षात झालं. धीरज मांडवात काठी टेकत उभा होता. त्याची मान बरीच सुटली होती. लेथवर तो परत गेला नाही. आता एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात माल लावतो, आणि भाजीवालीशी भावावरून भांडतो इतपत बोलणं आलं आहे. सही अजून वाकडी येते.

अल्पनाने धारला पार्लर टाकलं. गोळी ती चहाच्या बरीच आधी घेते, आणि सासरी चहा लवकर होतो, म्हणून सगळ्यांच्या आधी उठते. आता तिला दिवस गेले आहेत. डॉक्टर म्हणतात, गोळ्या बंद करायच्या नाहीत, मात्रा आम्ही बघतो, बाळाला आजार व्हायचा संभव फार फार कमी. फार फार कमी म्हणजे किती, हे तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकून मान हलवली. परवा विहंग मांडूहून परतला तेव्हा ती दारातच उभी होती.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं.

"काही नाही. पुढच्या महिन्यात तपासणी आहे ना," ती म्हणाली. "पहिल्यांदा मी इंदूरला एकटीच गेले होते. आता तुम्ही बरोबर या."