माझ्यावर वाया जाणारं औषध

"चाल."

मोठ्या डॉक्टरनं हुकूम सोडला. खाटेभोवती दहा-बारा शिकाऊ पोरंपोरी, हातात वह्या. मी उठली. पाय जमिनीले टेकला का नाई, तेच समजे ना. दोन पावलं टाकली अन् तोंडावर पडली. ओठ फुटला. साडी गुडघ्यावर गेली.

कोणी हात दिला नाई. डॉक्टर पोरांकडे पाहून म्हणाला, "बघा, कशी बेतानं पडली. काम चुकवायचं असलं की या बायकांना असंच होतं."

पोरं हसली. साहेब हसला की हसा लागते त्याईले.

मी वडनेरची. गावच्या शाळेत खिचडी शिजवतो आम्ही दोघी बाया. आधी पायाच्या बोटाईत मुंग्या आल्या. मग तळवे मेले. मग हातातून झारा गळाले लागला. एकदा खिचडीच्या गरम गंजावर हात टेकला, तर चटका समजलाच नाई. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा समजलं. हे माझं नाटक!

नाटक नोयतं, हे आंजी गावच्या एका शिकाऊ डॉक्टरणीनं शोधलं. तिनं नसा तपासून घेतल्या, पाठीतलं पाणी काढलं. माझंच अंग माझ्या नसा खाऊन राह्यलं होतं. मोठ्या डॉक्टरनं फाईल वाचली अन् पुढच्या खाटेकडे गेला. ‘चुकलो’ म्हणासाठी जीभ लागते. त्याची तेवढ्यापुरती जड झाली.

गोळ्यानं तोंड सुजलं, ताकद आली नाई. पाच दिवस महागाची सलाईन झाली. तेही तसंच. मग त्या डॉक्टर पोरीनं रक्त बाहेर तपासाले धाडलं. रिपोर्ट आला तशी माझ्या खाटेवर येऊन बसली.

"मावशी, रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या ‘बी’ नावाच्या पेशी तुमच्यात चुकल्या. त्याईचं हत्यार जंतूले नाई, तुमच्याच नसाईले लागते. एक औषध त्या पेशीच काढून टाकते. पण मग दुसरे रोग लवकर धरू शकतात. म्हणून आधी काविळीची अन् टीबीची तपासणी करू. गुण याले महिने लागतात. घेता?"

मले पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मोठा डॉक्टर साऱ्या पोरांदेखत, माझ्यासमोरच तिच्यावर खेकसला. "हे औषध हिच्यावर वाया घालवायचं? दुसऱ्या डोसला ही येणारच नाही. यांना तारीख तरी कळते का?"

रोज दीडशे लेकरायचे तांदूळ मोजणाऱ्या बाईले तारीख कळत नाई म्हणे!

माझ्या अंगात उभं राहाची ताकद नोयती. बसूनच बोलली, "कागदावर लिहा."

"काय?"

"औषध लागते, पण ह्या बाईले देत नाई. काऊन देत नाई, तेही लिहा. खाली सही करा."

"तू मला शिकवणार?"

"तुमच्यानं शिकणं होत नाई, साहेब. मी फक्त सही मागून राह्यली."

कोणी हसलं नाई. खिशातला पेन खिशातच राह्यला. तोंडानं लय शूर असतात हे लोक, कागद पाहिला की भेतात.

तपासण्या साफ निघाल्या अन् तिसऱ्या दिवशी औषध आलं. थेंब थेंब, दिवसभर. मधात थंडी वाजली, अंग खाजलं. नर्सनं सलाईन हळू केली. पंधरा दिवसांनी दुसरा डोस. मी गेली, तारीख पाहून गेली. सहा महिन्यांनी भिंत धरून चालणं सुटलं. डावा पाय अजून ओढतो.

गावात लोक म्हणतात, "डॉक्टर देवमाणूस, त्यानंच तुले उभं केलं." मी नाई म्हणतो. औषधानं केलं, त्या पोरीनं केलं. त्यानं मले पाडलं.

बोरगाव मेघेत एक शिवणकाम करणारी बाई आहे. तिच्याही हातून सुई सुटते. घरचे म्हणतात, ढोंग. डॉक्टर म्हणते, टेन्शन. उद्या मी तिच्यासंग डॉक्टरच्या खोलीत जाणार. बाहेर थांब म्हणतील. थांबणार नाई. तिची तपासणी होत नाई तवरीक खोलीतून हलणार नाई. ज्याले हसाचं असन, त्यानं आमच्या तोंडाकडे पाहून हसावं.