आमटी मिळेल अशी बोट

लेक लग्न होऊन पुण्याला गेली, त्या वर्षी आमच्या हिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "अहो, एकदा बोटीने कुठेतरी जाऊ या. लाँच नाही हं. मोठी बोट. जिच्यात झोपायचं, उठायचं, जेवायचं, आणि तरी आपण कुठेतरी चाललेलो असायचं." मी हो म्हटलं, अगदी लगेच म्हटलं. आणि मग तिला बोटीत बसवायला मला तीन वर्षं लागली.

ही मूळची उरणची. मोऱ्याच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्याला लाँचने जाणं, एवढाच तिचा समुद्रप्रवास. बाहेर खोल पाण्यात उभ्या असलेल्या मोठ्या बोटी मात्र तिने लहानपणापासून पाहिलेल्या. त्यांच्यात माणसं असतात, ती तिथे जेवतात, झोपतात, याचं तिला फार अप्रूप होतं. माझ्याशी लग्न करून ती आधी ठाण्याला आली, मग नव्वदच्या सुमारास आम्ही नवीन पनवेलला घर घेतलं. उरण तासाभरावर आलं, पण बोट काही जवळ आली नाही.

घोडं पेंड कुठे खात होतं ते सांगतो. माझ्या जिभेवर खात होतं.

मला लसणाचा वास सहन होत नाही. वांगं, दुधी, लाल भोपळा, सुरण यांचं मला तोंडही बघवत नाही. आमटी आमसुलाची हवी, चिंचेची लागली की माझे दात आंबतात. भात मोकळा हवा, पण फडफडीत नको. कोथिंबीर शिजलेली चालते, वरून पेरलेली नाही. ताटातली भाजी आमटीला लागलेली चालत नाही. मासा खातो, पण पापलेट आणि सुरमई, तीही त्याच सकाळची. सुकी मच्छी तर घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, हा आमच्या घरचा कायदा. आई म्हणायची, "खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी." तिला ते कौतुकाने म्हणायला काही जात नव्हतं. पुढे निस्तरायचं दुसरीला होतं.

लोकांना वाटतं, अशा माणसाला खाण्याची फार आवड असेल. तसं काही नसतं. अशा माणसाला फक्त धास्ती असते. लग्नाला गेलो की अक्षता पडायच्या आधी मी मांडवामागे जाऊन पातेल्यांची झाकणं उचलून येत असे. घराबाहेर पाऊल टाकलं की पुढचं जेवण कुठे, कसं, कोणाच्या हातचं, हे डोक्यात सुरू. त्यामुळे मी कुठे स्वस्थ बसलोय असं कधी झालं नाही. बोटीचा विषय निघाल्यापासून तर घरातही बसवेना. गॅलरीतून दारापर्यंत, दारातून गॅलरीपर्यंत. "बसा हो जरा, फरशी झिजेल," ही म्हणायची.

पनवेलला लाइन आळीत, कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर, सहलींची तिकिटं काढून देणारे एक गृहस्थ बसत. ऑफिसातून येताना मी तिथे जायचो. पहिल्या वर्षी त्यांनी गोव्याची बोट दाखवली. सकाळी निघते, दुपारी पोचते. मी विचारलं, जेवण? ते म्हणाले, खोक्यात सँडविच आणि केक देतात. "केकबरोबर काय?" असं मी विचारल्यावर त्यांनी पंखा वाढवला. शिवाय त्या बोटीत झोपायचं नव्हतं, म्हणजे हिची अटही बसत नव्हती. ते कारण मी घरी येऊन मोठ्याने सांगितलं आणि केकचं सांगितलं नाही.

मग अंदमानची बोट. मद्रासहून तीन-चार दिवस. कॅंटीनमध्ये सांबार. सांबार म्हणजे चिंच, आणि चिंच म्हणजे चार दिवस उपास. मग सिंगापूरची. तिच्या पुस्तिकेत कलिंगडाचा हंस करून ठेवलेला होता. गृहस्थ म्हणाले, "साहेब, इथे व्हेज, नॉनव्हेज, जैन, सगळं आहे. तुम्हाला लसूण नको ना? मग जैन घ्या." मला क्षणभर फार आनंद झाला. मग लक्षात आलं की जैन जेवणात पापलेट नसतं. ती पुस्तिकाही मी परत केली.

मासे आमच्याकडे करंजाची एक कोळीण आणायची. आठवड्यातून तीनदा आमच्या बिल्डिंगच्या जिन्याशी पाटी उतरवून बसायची. एकदा मी खाली उतरून तिलाच विचारलं की मोठ्या बोटींवर मासा तरी ताजा मिळत असेल ना. ती हसायलाच लागली.

"दादा, माझा दीर बोटीवर हाय. आठ-आठ दिवसांचं मावरं बरफात. खाली दर्या आन् ताटात बरफातली सुरमई!"

मी वर येऊन हिला हे तावातावाने ऐकवलं. म्हटलं, बघ, समुद्रावर बसून बर्फातला मासा खायचा, याला काही अर्थ आहे? ती म्हणाली, "मी मासा खायला जाणारच नव्हते." पण पालथ्या घड्यावर पाणी. मे उजाडला, बोटी बंद झाल्या, आणखी एक वर्ष गेलं. नारळी पौर्णिमा झाली की ती एकदा विचारायची, "यंदा?" एकदाच. मी म्हणायचो, "चाललंय ना, शोधतोय ना!" आणि खरंच शोधत होतो. कोणी म्हणालं असतं की तू टाळतोस, तर मी भांडलो असतो.

तिसऱ्या वर्षी मी कंपन्यांना पत्रंच लिहायला घेतली. तांदूळ कोणता, फोडणीत काय काय पडतं, आमसूल मिळेल का, नसेल तर आम्ही बरोबर आणल्यास चालेल का. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकीने रंगीत कॅलेंडर पाठवलं. आणि एक दिवस एका छोट्या कंपनीचं, वीस-पंचवीस प्रवाशांची बोट चालवणाऱ्यांचं, मराठीतून पत्र आलं. असं लिहिणारा माणूस मला आयुष्यात भेटायला हवा होता, इतकं समजूतदार पत्र. आमचा भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी, तुमच्या पद्धतीचं करू शकणार नाही, पण तुमची हरकत नसेल तर सौभाग्यवतींना रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास भटारखान्यात एक शेगडी मोकळी करून देऊ. भांडी आमची. मसाले आपण आणावेत.

मी ते पत्र घेऊन बसस्टॉपवरून अक्षरशः धावत घरी आलो. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. ही पोळ्या करत होती. "झालं काम!" मी म्हटलं. "मिळाली बोट!" आणि पत्र तिच्यासमोर धरलं, कारण तिचे हात पिठाचे होते.

तिने वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी वाट बघत उभा होतो. मला वाटलं होतं, ती म्हणेल, किती खटपट केलीत.

"तुम्ही जाऊन या बोटीने," ती म्हणाली. "मी इथेच राहते. तुम्ही तिकडे असाल तेवढे दिवस मला इथेच सुट्टी मिळेल."

रागाने म्हणाली असती तर मी रागावून मोकळा झालो असतो. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. आणि मग मी जे बोललो ते आज लिहायलाही नको वाटतं. मी म्हटलं, "मग तिकडे माझं कोण करणार?"

तिने पोळी तव्यावर टाकली.

पुढचे आठ-दहा दिवस फार वाईट गेले. मी आधी चिडलो. एवढी पत्रं लिहिली, एवढे हेलपाटे घातले, कोणासाठी? नाकापेक्षा मोती जड झालाय, असं मनात म्हणत मी घरात येरझारा घालत होतो. ती नेहमीसारखी वागत होती, वेळेवर ताट वाढत होती, आमटी आमसुलाचीच होती. बोटीचं मात्र नाव काढत नव्हती. पेपरात कुठल्या जहाजाचा फोटो आला तर पूर्वी मला दाखवायची. आता पान उलटायची. मला झोप लागेना, ऑफिसात टेबलाशी बसवेना. चूक कुठे झाली ते मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि म्हणूनच बसवत नव्हतं.

अशातच एका रविवारी सकाळी मी गॅलरीत उभा होतो. खाली जिन्याशी ही मासे घेत होती. कोळिणीने पापलेट निवडून दिलं आणि पाटीच्या कडेला ठेवलेलं फडकं सोडलं. आत सुका जवळा होता.

"बाय, घे थोडा. आजच वाळवणीवरून उचललाय."

"नको गं. यांना वास चालत नाही."

"सायबांना नाय चालत, पन तुला चालतं ना? उरनची पोर तू. जवळ्याबिगर कशी ऱ्हातेस?"

ही हसली. मूठभर जवळा हातात घेतला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि नुसती उभी राहिली. मग सगळा जवळा जपून, एकही काडी खाली न पाडता, फडक्यात परत ठेवला. नळावर जाऊन हात साबणाने धुतले. दोनदा धुतले. वर येण्यापूर्वी पुन्हा एकदा वास घेऊन पाहिला, राहिला तर नाही ना म्हणून.

मी गॅलरीतून आत आलो आणि खुर्चीवर बसलो. मला रडू येत होतं आणि स्वतःची भयंकर लाज वाटत होती. सव्वीस वर्षं ही बाई माझ्यासाठी हात धूत होती.

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकून लाइन आळीत गेलो. म्हटलं, पाच दिवसांची, झोपण्याजेवण्याची, मोठी, कोणतीही बोट द्या. ते गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. मुंबईहून गोवा, पुढे कोचीन आणि परत, अशी एक बोट पुढच्या महिन्यात होती. "जेवणाचं विचारत नाही?" "नाही." तरी त्यांनी अर्ज काढलाच. त्यात प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे खाण्याच्या आवडीनिवडींचा रकाना होता. "तुमचं मला पाठ आहे," ते हसत म्हणाले आणि पेन हिच्या नावापुढे नेलं. "वहिनींना काय आवडतं?"

मी तोंड उघडलं. तिला काहीही चालतं, हे वाक्य तयारच होतं. ते बाहेर येईना, आणि त्याच्यामागे दुसरं काहीच नव्हतं. जवळा, एवढा एक शब्द मला माहीत होता, तोही कालपासून. मी अर्ज तसाच घडी करून घेतला आणि उद्या आणतो म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर तो टेबलावर उलगडून ठेवला. म्हटलं, "तुला काय काय आवडतं ते सांग. लिहायचंय. स्वयंपाक बोटीवरचे लोक करणार आहेत."

तिला आधी वाटलं, मी टोमणा मारतोय. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग अर्जाकडे, मग हात पदराला पुसले आणि समोर बसली.

"खरं सांगू, की चालेल असं सांगू?"

"खरं."

ती हळूहळू सांगायला लागली आणि मी लिहायला लागलो. भरलेली वांगी. लसूण घालून केलेलं कोळंबीचं कालवण. चिंचेची आमटी, गूळ जास्त घातलेली. सुरणाचे काप. लाल भोपळ्याचे घारगे. जवळ्याची चटणी, पण ती बोटीवर मिळायची नाही, ते राहू द्या, असं तीच म्हणाली. मी तेही लिहिलं. रकाना दुसऱ्या ओळीलाच संपला. मी समासात लिहिलं, मग कागद आडवा धरून लिहिलं. मध्येच ती थांबून म्हणायची, "आणखी एक होतं हो, आमच्या आईकडे व्हायचं, नावच आठवत नाही." तेव्हा मला जास्त वाईट वाटायचं.

माझ्या नावापुढे मी 'काहीही चालेल' असं लिहिलं. ते धादांत खोटं होतं. त्या पाच दिवसांत मी पाव, केळी आणि चहा यांवर राहिलो, आणि घरी परतलो तेव्हा पँट सैल झाली होती.

पहिल्या दुपारी आम्ही बोटीवरच्या जेवणाच्या खोलीत समोरासमोर बसलो. बाहेर नुसतं पाणी. एका पोऱ्याने नव्हे, चांगल्या वयस्क वाढप्याने तिच्यापुढे ताट ठेवलं, आणि ती उठायला गेली, वाढायला. त्याने "बसा बाई" म्हटलं तेव्हा बसली. वांग्याचं काहीतरी होतं, लसूण माझ्यापर्यंत येत होता. घरी मी पहिला घास घेतला की ती माझ्या तोंडाकडे बघत उभी असायची, मी मान हलवेपर्यंत. इथे तिने पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि मग जेवतच राहिली. माझ्या ताटाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.